झांबेझीकाठचा ताप

ज्यांची तिकिटं निघाली आहेत त्यांच्यासाठी

मला सहानुभूती नको आहे. ती पुष्कळ मिळाली, शहाळ्यांबरोबर घरपोच मिळाली. हे लिहितेय ते आमच्या भागातून हल्ली आफ्रिकेच्या सहलीला निघणाऱ्यांसाठी. पूर्वी माणगाव-म्हसळ्यातून बस निघायच्या त्या अष्टविनायकाला, आता लोक सिंह बघायला जातात. जरूर जा. सिंह मीही पाहिला, चांगला ऐटीत बसला होता. पण बॅग भरण्याआधी एवढं वाचा.

मी वैशाली. म्हसळ्यात आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते, माल आणायचं काम माझे यजमान दिलीप बघतात. सहल काढली होती राजनने. राजन हा दिलीपचा मामेभाऊ. माणगावात त्याचं टूरचं ऑफिस आहे. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. राजन बोलायला लागला की दिलीपना दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

पिवळं कार्ड

जाताना आमचं विमान नैरोबीला बदलणार होतं, म्हणून पीतज्वराची लस घ्यावी लागली. ती सरकारी केंद्रातच मिळते. राजनने सगळ्यांना गाडीत घालून मुंबईला नेलं, रांगेत उभं केलं. शिक्का मारलेलं पिवळं कार्ड प्रत्येकाने पासपोर्टात जपून ठेवलं. एकानेही कुरकूर केली नाही. कार्ड नसेल तर परत येताना विमानतळावर अडकवून ठेवतात, हे राजनने सगळ्यांना सांगितलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी लस टोचून झाल्यावर विचारलं, "कुठे कुठे जाणार?" मी सांगितलं, झांबेझी नदीकाठी कॅम्प, मग जंगल. ते म्हणाले, "मग मलेरियाच्या गोळ्याही घ्या. रोज एक, भरल्या पोटी. निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करायची आणि परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. परत आल्यावरचीच लोक विसरतात." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. हातपाय झाकणारे कपडे, डासांचं मलम, मच्छरदाणी, सगळं सांगितलं. मी बाहेर आले तेव्हा माझ्यामागे श्रीवर्धनचे याकूबभाई उभे होते.

याकूबभाईंचा सुपारीचा व्यापार. ते आणि त्यांची बायको नझीमाभाभी, दोघं सहलीला आमच्याबरोबर होते. त्यांचे चुलते कधीकाळी दक्षिण आफ्रिकेत जाऊन स्थायिक झालेले, त्यांच्या मुलांना एकदा भेटायचं होतं. माझ्या हातातली चिठ्ठी बघून ते म्हणाले, "वहिनी, ही गोळी मलापण लागंल काय?"

उत्तर राजननेच दिलं. "काय करताय गोळ्या? लिव्हर खराब होतं त्यानं. आपण रायगडवाले, जन्मापासून डास चावतायत आपल्याला. तिकडचा डास आपल्याला चावला तर तोच आजारी पडंल!"

सगळे हसले. याकूबभाईही हसले. गोळ्यांना शिक्का नव्हता आणि विमानतळावर त्या कुणी विचारणार नव्हतं. बसभर माणसांत त्या माझ्या एकटीच्या पर्समध्ये होत्या.

कॅम्प

गोळीने मला मळमळायचं. नदीकाठच्या कॅम्पवर दुसऱ्या सकाळी मी चहाबरोबरच उलटी केली आणि सकाळची जीपची फेरी चुकली. दिलीप माझ्यासाठी थांबले आणि त्यांचीही चुकली. त्या दिवशी त्या फेरीत बाकीच्यांना बिबट्या दिसला.

दुपारी दिलीपनी माझ्या पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून स्वतःच्या बॅगेत टाकलं. "फिरायला आलोय की ओकायला?" म्हणाले. "राजन सांगत होता ना, नको म्हणून?"

मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर आलेत का इथं तुझ्याबरोबर?"

मग मी गप्प बसले. पंचवीस-तीस वर्षं संसार केलेल्या बाईला कुठे गप्प बसायचं ते शिकवावं लागत नाही. परक्या देशात, वीस माणसांसमोर तमाशा नको, एवढाच विचार केला.

याकूबभाईंनी स्वयंपाकघरातून कापलेलं लिंबू आणून दिलं. "चोखा वहिनी. आणि जंगलात काय नाही आज. एक हत्ती होता, आमच्या सासऱ्यांसारखा चालत होता." नझीमाभाभींनी त्यांना सगळ्यांसमोर दंडावर फटका मारला. संध्याकाळी नदीकाठी शेकोटी पेटायची, खुर्च्या मांडायचे, आणि आम्ही सगळे अर्ध्या बाह्यांत गाणी म्हणत बसायचो. पायांना काहीतरी चावायचं. आम्ही ते खाजवायचो आणि पुढचं गाणं म्हणायचो.

प्रवासाचा शीण

ताप आला तो परत आल्यावर, साधारण दहा दिवसांनी. दुकानात बसल्या बसल्या थंडी भरली. दात वाजायला लागले. गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, घरी जावा."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. मुलीच्या गोवरापासून सासूबाईंच्या गुडघ्यांपर्यंत सगळं त्यांनीच बघितलेलं. मी आत गेल्या गेल्या सांगितलं, "डॉक्टर, आम्ही आफ्रिकेला जाऊन आलोय." हे मी सांगितलं होतं, ते मला नीट आठवतं.

ते म्हणाले, "हो, ऐकलं. सिंह दिसला का?"

मग वाघ मोठा की सिंह मोठा, यावर त्यांचं आणि दिलीपचं बोलणं झालं. माझ्या कंबरेत इंजेक्शन गेलं. "व्हायरल आहे, त्यात प्रवासाचा शीण. सलाईन लावू, दोन दिवसांत बऱ्या होतील." रक्ताची तपासणी नाही. मलेरिया हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारलाच नाही, आणि माझं डोकं इतकं ठणकत होतं की मलाही तो सुचला नाही.

घाम येऊन ताप उतरला की वाटायचं, गेला. पुन्हा यायचा. मग लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. एका सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून सासूबाईंना माझ्या आईच्या नावाने हाक मारत होते, म्हणे. मला आठवत नाही. आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे, तरी मी चूल शोधत होते.

सासूबाईंनी माझ्या पापण्या अंगठ्याने वर केल्या. "दिलीप, हिचं डोलं बघ. हलदीवानी झाल्यात. ह्यो शीण न्हाय."

"डॉक्टर म्हणालेत ना आई, अजून एक दिवस..."

"एक दिस न्हाय आनि दोन दिस न्हाय. उचल तिला. मांगावला ने. तू न्हेत नसशील तं मी रिक्षा बोलावते."

आजारपणातल्या मेहेरबान्या मोजायच्या तर ही पहिली. सासूबाईंचं आणि माझं कधी फार जमलं नाही. पण त्या दिवशी त्या घरात नसत्या तर मी हे लिहायला नसते.

माणगावच्या डॉक्टरबाई

माणगावच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या महिना-दोन महिन्यांत बाहेरगावी कुठे गेला होतात?"

दिलीप म्हणाले, "आफ्रिकेला, पण त्याला आता दोन आठवडे होऊन गेले."

त्यांनी लिहिणं थांबवलं. "गोळ्या घेतल्या होत्या? मलेरियाच्या?"

दिलीपनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थोडे दिवस."

रक्त घेतलं. अहवाल यायला फार वेळ लागला नाही. फॅल्सिपॅरम मलेरिया, म्हणजे मलेरियातला जीवघेणा प्रकार, आणि रक्तात जंतू खूप. कावीळ झालेली, किडनीवर ताण आलेला. डॉक्टरबाईंनी पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं आणि पनवेलच्या बाजूच्या मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात जागा बघायला फोन लावला. फोन ठेवून दिलीपकडे वळल्या. पुढचं बोलणं मी स्ट्रेचरवर पडून ऐकलं. त्यातला शब्द न् शब्द लक्षात आहे, कारण माझं लक्ष त्या आवाजाला धरून होतं.

"तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

"वीसेक जण."

"सगळ्यांना आजच्या आज कळवा. तुम्ही सगळे एकाच जागी राहिलात. कुणालाही ताप आला, अगदी थोडासा, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं आणि आफ्रिकेला गेलो होतो म्हणून सांगायचं. निगेटिव्ह आलं तरी पुन्हा तपासायचं. हा वाट बघत नाही. समजलं ना?"

"हो मॅडम, कळवतो."

अँब्युलन्समध्ये चढवताना मी दिलीपचा हात धरला. "फोन करा हं सगळ्यांना."

"करतो गं. तू शांत पड."

आतले दिवस

महामार्गाचा प्रत्येक खड्डा मी डोक्यात मोजला. त्यानंतरचं तुटक आठवतं.

बाटल्या, नळ्या, डायपर. मला, जिने आयुष्यात कुणासमोर पदर ढळू दिला नाही, तिला दोन अनोळखी माणसं कुशीवर वळवून पुसत होती. लाज वाटायला अंगात ताकद लागते. डायलिसिस करावं लागलं. मशीन सुरू झालं की मला इतकी थंडी वाजायची की पलंग खडखडायचा. शेजारच्या पडद्याआड कुणीतरी रोज एकच नाव घेऊन हाका मारत होतं. एक दिवस हाका थांबल्या आणि संध्याकाळी त्या पलंगावर दुसरं माणूस होतं.

भीती मरणाची नव्हती. किडनी कायमची गेली तर काय, दर आठवड्याला हे मशीन, म्हसळ्याहून पनवेल, कोण नेणार, किती दिवस नेणार, ही भीती होती. मी दिलीपचा चेहरा बघायचे आणि मला खात्री वाटायची की हा माणूस पहिला महिनाच आणेल.

दुसरी मेहेरबानी म्हणजे सफाईच्या मावशी. माझ्या केसांचा गुंता होऊन पार दोर झाला होता. त्यांनी स्वतःहून थोडं तेल लावून बोटांनी एकेक बट सोडवली. "कापायचं बोलत होत्या सिस्टर. मी बोलले, थांबा जरा. शुद्धीवर येतील तेव्हा रडतील." मी खरंच रडले, पण त्यांच्या बोटांमुळे.

मुलगी, स्नेहल, न्हावा शेवाला एका कंटेनरच्या कंपनीत कामाला आहे. ती शिफ्ट संपवून यायची. शब्द नीट फुटायला लागले तेव्हा मी तिला पहिलं तेच विचारलं, "बाकीच्यांना कळवलं का?"

"बाबा म्हणाले, कळवलंय."

वॉर्डात हलवल्यावर दिलीपना विचारलं, "कुणाला ताप आला का अजून? याकूबभाई कसे आहेत?"

"सगळे मजेत आहेत. तू आराम कर."

त्या दिवशी याकूबभाईंना दफन करून आठवडा झाला होता.

घरी

किडनी सावरली. डॉक्टर म्हणाले, नशीब. घरी आले तेव्हा अंगावरचे ब्लाउज हँगरवर टांगल्यासारखे लोंबत होते. पाहुणे यायचे, आणि दिलीप हसत गोष्ट सांगायचे, "हिला आफ्रिकेचा डास आवडला, बरोबर घेऊन आली." मी आतून ऐकायचे. त्या गोष्टीत गोळ्यांचं पाकीट कधी आलं नाही. "हिला त्या गोळ्या सोसल्या नाहीत," एवढं यायचं.

सासूबाई भाताची पेज भरवताना सहज बोलून गेल्या. "तू वाचलीस बग. त्यो सिरवर्धनचा सुपारीवाला न्हाय वाचला."

मी पेज गिळलीच नाही.

दिलीप म्हणाले, "तुला धक्का बसला असता म्हणून सांगितलं नाही." स्नेहलला माहीत होतं. तीही म्हणाली, "आई, तुझी तब्येतच तशी होती." मी म्हटलं, मला नझीमाभाभींकडे जायचंय. दिलीपनी आठवडाभर टाळलं. गाडी गॅरेजमध्ये आहे, दुकानात माल येणार आहे. शेवटी मी चप्पल घालून एस.टी. स्टँडकडे चालायला लागले, तेव्हा गाडी निघाली.

श्रीवर्धन

भाभी इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात होत्या, म्हणून परक्या पुरुषांना आत जायचं नव्हतं. दिलीप ओसरीवर याकूबभाईंच्या थोरल्या भावापाशी, इब्राहिमभाईंपाशी बसले. मी आत गेले.

भाभींनी मला बघितलं आणि आधी माझ्याच गालांवरून हात फिरवला. "किती सुकलीस गं तू." नवरा गेलेली बाई मला धीर देत होती. मग त्यांनी सांगितलं. आधी नुसती कणकण. मग ताप. दवाखान्यात टायफॉईड सांगितला, गोळ्या चालू होत्या. चौथ्या दिवशी बोलणं असंबद्ध झालं. महाडपर्यंत नेलं, तिथे रक्त तपासलं तोवर उशीर झाला होता.

"तुमच्या घरी फोन आला होता ना?" मी विचारलं. "ताप आला तर मलेरिया तपासा म्हणून?"

"कुणाचा?"

"दिलीपचा. नाहीतर राजनचा."

"राजनचा आला होता. पण तो ट्रिपसाठी. बोलला, चाचा, ट्रिप कशी झाली त्यावर दोन शब्द बोला, व्हिडिओ पाठवा. पुढची बॅच काढायचीय. हे बसले तिथं, त्या खुर्चीत, स्वेटर घालून. अंगात ताप होता तरी बोलले. छान बोलले. राजनची तारीफ केली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला कधी कळलं होतं, मलेरिया हाय म्हणून?"

"मंगळवारी. दुपारी."

"राजनचा फोन मंगळवारी संध्याकाळचा."

खोलीत पंखा फिरत होता. मी खोटं बोलू शकले असते. तुम्हाला कळवायचं राहून गेलं, माझीच शुद्ध नव्हती, असं काहीतरी. भाभींनी ते मानलं असतं, त्या तशाच आहेत. पण मी सांगितलं. माणगावच्या डॉक्टरबाईंनी काय बजावलं, दिलीप काय म्हणाले, ते सगळं.

भाभी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मंगळवारी हे स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेले होते वैशाली. येताना माझ्यासाठी पाव घेऊन आले." मग म्हणाल्या, "हे बाहेर मोठ्या दिरांना सांगशील? मी सांगितलं तर त्यांना वाटंल, दुःखात बोलते."

मी उठले. भिंतीला हात लावत ओसरीवर आले. दिलीपच्या हातात कोकमाच्या सरबताचा ग्लास होता. इब्राहिमभाई सुपारीच्या भावाविषयी काही बोलत होते. मी उभ्यानेच सांगितलं. सुरुवातीपासून, दिलीपकडे न बघता, आणि शेवटी दिलीपकडे बघून विचारलं, "तुम्ही फोन का नाही केलात?"

"राजन बोलला, मी सांगतो सगळ्यांना," दिलीप जमिनीकडे बघत म्हणाले. "बोलला, तू लोकांना घाबरवू नको. पुढचं बुकिंग चालू होतं त्याचं. मला वाटलं, सांगितलं असेल त्यानं."

"विचारलंत त्याला?"

दिलीपनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला.

मला वाटलं इब्राहिमभाई ओरडतील. मला ते ओरडायला हवे होते. वयस्कर माणूस, दाढी पूर्ण पांढरी. ते दिलीपच्या हातातल्या ग्लासाकडे बघून शांतपणे म्हणाले, "सरबत घ्या तुम्ही. आमच्या दारात आलात, तसेच कसे जाणार?"

आणि दिलीप ते प्यायले. सगळं, शेवटच्या घोटापर्यंत, कारण ग्लास खाली ठेवायची त्यांची हिंमत झाली नाही.